दहाचे अकरा सांगणारा काटा

मित्रांनो, मी जुना आहे एवढं नक्की. मी वजनकाटा आहे की नाही, हे मात्र माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही. माझ्या गोल तबकडीवर शून्यापासून दहापर्यंत अंक आहेत, एक काळी सुई आहे, वर टांगायची कडी आहे आणि खाली मासा अडकवायचा आकडा आहे. म्हणजे दिसायला मी काटाच. पण ज्याने बारा वर्षं चुकीचं वजन सांगितलं, आणि तेही छाती पुढे काढून सांगितलं, त्याला काटा म्हणायचं का? मी आपलं घडलं तसं सांगतो. मधेमधे माझा गोंधळ उडेल, तेवढा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात पोलादाची स्प्रिंग बसवली आणि आकड्याला एकेक वजन लावून पाहिलं. एक किलो लावलं की सुई एकावर, पाच लावले की पाचावर. तो मान डोलवायचा आणि तबकडीवर बारीक रेघा मारायचा. प्रत्येक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. तेव्हा मला वाटलं, जग फार सोपं आहे. जेवढं ओझं लागेल तेवढं सांगायचं, यात चुकण्यासारखं आहे काय?

पुढे मला नाना आणि काकूंनी विकत घेतलं. नदीच्या वळणावर या नवराबायकोची एक लाकडी खोली होती. सुट्टीच्या दिवशी हौसेने गळ टाकायला येणारे लोक तिथे थांबायचे. नाना त्यांना काठ्या भाड्याने द्यायचे, तुटलेली दोरी बदलून द्यायचे, गांडुळांचे डबे भरून ठेवायचे. खोलीच्या दाराशेजारी एका खुंटीवर मला टांगलं होतं. माझ्या एका बाजूला पाटी होती आणि दुसऱ्या बाजूला एक लांब फळी. माझ्या खाली टेबलावर वही असायची.

पाटीवर नाना रोज सकाळी नदीची खबर लिहायचे आणि लिहिताना मोठ्याने वाचायचे. "पाणी मांडीभर, किंचित गढूळ. वारा वरच्या अंगाने. वाम पुलाच्या खांबांपाशी, गांडुळावर. मरळ शेवाळाच्या कडेला. गवत्या शांत पाण्यात, मक्याच्या दाण्यावर. शिंगाळ्याचं काही खरं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून काकू आतून ओरडायच्या, "शिंगाळ्याचं खरं नाही की तुमचं? तुम्हाला लागत नाही म्हणून कुणालाच लागत नाही होय?"

काकू बोलायला अशा फटकळ, पण गळ टाकायला बसल्या की तास तास तोंडातून शब्द नाही. नानांचं उलट होतं. ते नदीची बित्तंबातमी ठेवायचे, पण त्यांच्या गळाला स्वतःहून यायला मासेही कंटाळायचे. एकदा दिवसभर बसून त्यांनी एक चप्पल काढली. काकूंनी ती ओल्या झोळीत घालून माझ्या आकड्याला लावली आणि वहीत लिहिलं, "चप्पल, डावी, चारशे ग्रॅम." लोक वर्षभर हसत होते.

मासा आणला की तो ओल्या कापडाच्या झोळीत ठेवून मला लावायचे. सुई थांबली की नाना वजन वाचायचे, वहीत लिहायचे आणि बहुतेक लोक मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. साऱ्या काठावर आजवरचा सगळ्यात मोठा मासा ज्याचा, त्याचं नाव फळीवर खडूने लिहिलं जायचं. एका ढगाळ दुपारी, पूर ओसरत असताना, काकूंनी एक शिंगाळा काढला. लांब मिशांचा, चपट्या डोक्याचा. तो आकड्याला लागला तेव्हा माझी कडी कुरकुरली आणि खुंटीसुद्धा जरा वाकली. सुई सातावर गेली आणि पुढे एक रेघ सरकून थांबली. सात किलो शंभर. नानांनी फळीवर काकूंचं नाव लिहिलं आणि मागे सरून असं बघितलं, जणू मासा त्यांनीच काढलाय. तो शिंगाळा काकूंनी स्वतः पाण्यात सोडला.

मित्रांनो, ते माझे खरे दिवस. लोक भांडायचे, पैजा लावायचे, पण माझ्यापुढे येऊन थांबायचे. "काटा म्हणेल ते खरं," असं म्हणायचे. मला फार बरं वाटायचं. इतकं बरं वाटणंही चांगलं नसतं, हे तेव्हा कळलं नाही.

मग एका वर्षी मोठा पूर आला. पाणी खोलीत शिरलं, टेबल वाहून गेलं, मी खुंटीसकट गाळात जाऊन पडलो. त्याच सुमाराला काकू आजारी पडून दवाखान्यात होत्या. नाना सकाळी दवाखान्यात, दुपारी खोलीतला गाळ उपसायला, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात. मला त्यांनी आठवड्याभराने गाळातून काढलं. माझी तबकडी पुसली, सुई हलवून पाहिली. मग माझं पाठीचं झाकण उघडलं. आतली स्प्रिंग गंजून दोन ठिकाणी तुटली होती.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. स्प्रिंग काढल्यावर काट्याला काय आठवणार? एवढंच सांगतो की जाग आली तेव्हा मी पुन्हा खुंटीवर होतो, शेजारच्या फळीवर काकूंचं पुरात धुतलं गेलेलं नाव नानांनी परत लिहिलं होतं, अंग हलकं आणि परकं वाटत होतं, आणि खोलीचं दार उघडंच होतं. आधी ते दार आपोआप लागायचं, वर एक स्प्रिंग होती म्हणून. त्या दिवसापासून ते कुणीतरी लोटल्याशिवाय लागेना. हे दोन्ही एकाच दिवशी का झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

नानांनी एक किलोची पिठाची पिशवी मला लावली. सुई एकावर आली, थांबली नाही, आणखी एक रेघ पुढे सरकली. नाना बघत राहिले. दोन दिवसांवर गळ टाकायची वार्षिक स्पर्धा होती. ते पुटपुटले, "एका रेघेने काय होतंय," आणि दवाखान्याच्या वाटेला लागले.

काकू त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस नाना पाटीवर काही लिहीत नसत. मग लिहू लागले, पण मोठ्याने वाचत नसत. लोक मासे आणत, मी वजन सांगत असे. आणि इथूनच माझा गोंधळ सुरू झाला. त्या वर्षी सगळेच मासे जड निघाले. लोक खूश. एक म्हणाला, पुराने गाळ आणला, गाळाने चारा वाढला. दुसरा म्हणाला, पुरात लहान मासे वाहून गेले, मोठे तेवढे उरले. कारण ज्याचं त्याच्याकडे तयार होतं. मलाही ते पटलं. पण माझा आकडा आणि माझी सुई यांचं काही जमेना. आकड्याला वाटायचं, हा मासा दीड किलोच्या आत आहे. सुई सांगायची, दीडच्या पुढे. आकडा जुना आणि अनुभवी, पण बोलायची सोय फक्त सुईला. मी मनात म्हणायचो, वय झालं असेल माझं, ओझं हलकं लागायला लागलं असेल. वय झाल्यावर ओझं उलट जड लागतं, हे कुणी सांगितलं असतं तर आणखीच गोंधळलो असतो.

वर्षं गेली. नदी बदलत होती, तेही मला धड समजत नव्हतं. पूर्वी गवत्या उचलायला दोन हात लागत, आता लोक एका हाताने उचलून लावत. वाम तर पेन्सिलीसारख्या यायच्या. तरी वहीतले आकडे बरे दिसायचे. वर्षातून एकदा नदीखात्याचे साहेब यायचे, वही चाळायचे, सगळ्या माशांची सरासरी काढायचे. त्यांचा नियम असा होता की सरासरी सलग दोन वर्षं एका किलोच्या खाली गेली, तर नदीला दोन वर्षं विश्रांती द्यायची. गळ बंद, माशांना वाढू द्यायचं. गेल्या वर्षी साहेब म्हणाले, "एक किलो ऐंशी ग्रॅम. काठावर आहात, पण आहात." नानांनी साहेबांना चहा दिला आणि स्वतःचा कप तसाच निवू दिला.

आता या वर्षाची गोष्ट. आमच्याकडे एक बेकरीवाल्या ताई यायच्या. पहाटेची भट्टी उरकून दहाच्या सुमाराला, कोपराला पीठ तसंच. त्यांना शिकवलं होतं नानांनीच. एका रविवारी त्यांच्या गळाला काहीतरी जबर लागलं. चाळीस मिनिटं त्या काठावर मागेपुढे करत होत्या. लोक जमले. शेवटी पाण्यावर मिशा दिसल्या आणि सगळे एकदम ओरडले, "शिंगाळा!"

झोळी माझ्या आकड्याला लागली. सुई सहा ओलांडून गेली, सात ओलांडून गेली आणि साडेसातावर थांबली. मी मात्र गडबडलो. काकूंचा शिंगाळा लागला तेव्हा माझी कडी कुरकुरली होती, खुंटी वाकली होती. आज कडी गप्प होती. आकडा म्हणत होता, हा मासा त्याहून हलका आहे. सुई म्हणत होती, जड आहे. माझ्याच अंगात दोघे दोन गोष्टी सांगत होते आणि लोक फक्त एकाचं ऐकत होते.

"नाना, किती? सांगा ना किती!" ताई नाचायच्याच बाकी होत्या.

नाना सुईकडे बघत होते. मग त्यांनी फळीकडे पाहिलं, मग पुन्हा सुईकडे. शेवटी म्हणाले, "सात पाचशे."

टाळ्या पडल्या. ताईंनी मासा नेऊन पाण्यात सोडला. परत येऊन पाहतात तो नाना ओल्या फडक्याने फळी पुसायला निघालेले.

"अहो, काकूंचं नाव राहू द्या की वर. माझं खाली लिहा."

"नियम म्हणजे नियम," नाना म्हणाले आणि स्वतःच्या हाताने काकूंचं नाव पुसलं. फळी पुसताना ते एका जागी जरा जास्तच घासत राहिले.

त्याच दिवशी एका शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी एक मरळ आणली होती. त्या दर रविवारी यायच्या, कमी बोलायच्या. त्यांची मरळ माझ्यावर एक किलो भरली. पुढच्या रविवारी त्या हातात बादली आणि एक लिटरचं माप घेऊन आल्या. सकाळी लवकरची वेळ होती, काठावर अजून कुणी नव्हतं.

"नाना, त्या दिवशीची मरळ घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. नऊशे भरली."

"वाटेत पाणी गळलं असेल."

"शंभर ग्रॅम? मरळ होती ती, टॉवेल नव्हता."

बाईंनी रिकामी बादली माझ्या आकड्याला लावली. अर्धा किलो. मग मापाने मोजून पाच लिटर पाणी ओतलं. मी जीव एकवटला. मित्रांनो, मला त्या दिवशी इतकं खरं बोलायचं होतं! मी आतून आवरून धरायचा प्रयत्न केला, पण स्प्रिंग माझं कुठे ऐकणार? सुई सहावर जाऊन उभी राहिली.

"सहातून अर्धा गेला, साडेपाच," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एका लिटर पाण्याचं वजन एक किलो. पाच लिटरचे साडेपाच होत नाहीत. हा काटा दहाचे अकरा सांगतोय, नाना."

मी सुन्न झालो. मला वाटलं नाना म्हणतील, काय सांगता! पण ते बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "बारा वर्षं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दाराची स्प्रिंग आहे त्यात. मीच बसवली." मग ते जमिनीकडे बघत बोलत राहिले. "ही दवाखान्यात होती. स्पर्धा तोंडावर आलेली. म्हटलं, नंतर नवीन आणू. संध्याकाळी तिने पहिलं काय विचारलं असेल? काटा नीट आहे ना, म्हणून. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग झालं. त्यानंतर पाचव्या दिवशी गेली. तिला एकदा सांगितलं नीट आहे म्हणून. मग बाकीच्यांना वेगळं कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. जितकं लांबलं तितकं अवघड झालं."

बाईंनी फळीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "फळीवर ताईंचं नाव आहे. तो मासा खरा किती असेल?"

"सहा आठशे. तिथल्या तिथे हिशेब केला होता मी. हिचाच मोठा होता."

"आणि तरी पुसलंत?"

"काय बोलणार होतो? काटा चुकतोय म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, बायकोचं नाव गेलं तेव्हा बरा काटा चुकला. आणि ती पोरगी इतकी खूश होती."

बाईंनी बादली रिकामी केली. "बुधवारी खात्याचे साहेब येणार आहेत. या वर्षीची सरासरी वहीत एक किलो पन्नास आहे, मी पाहिली. खरी नऊशे पन्नासच्या आसपास येईल. गेल्या वर्षीचीही एकाच्या खालीच जाईल."

"माहीत आहे. नदी बंद होईल. ही खोलीही बंद होईल." नानांनी मान वर केली. "नाही सांगितलं तर?"

"मी सांगणार नाही, नाना. काटा तुमचा आहे." एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी गळ टाकलाच नाही.

ते तीन दिवस मला कसे गेले ते मीच जाणे. मी चुकलो होतो की मला चुकवलं होतं? मी खोटं बोललो होतो का? खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असावं लागतं. मला तर माहीतच नव्हतं. मग आकडा इतकी वर्षं कुरकुरत होता त्याचं काय? तोही मीच होतो ना? सोमवारी दोघांनी मासे आणले. नानांनी ते मला लावले नाहीत. "काटा अडकलाय," म्हणाले. बारा वर्षं मी चालत होतो तेव्हा चुकीचा होतो, आणि आता बरोबर काय ते कळलं तर मला अडकलेला म्हणत होते. मला काही सुधरेना.

बुधवारी साहेब आले. बेकरीवाल्या ताईही पावांची टोपली घेऊन आल्या होत्या, त्या दर बुधवारी यायच्या. साहेबांनी वही उघडली, पेन काढलं. नाना त्यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, बेरीज नंतर करा. आधी माझं ऐका. पुरानंतर वहीत लिहिलेलं एकही वजन खरं नाही."

साहेबांना आधी काही कळलंच नाही. नानांनी झाकण उघडून स्प्रिंग दाखवली, पाच लिटरचा प्रयोग करून दाखवला. तेव्हा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वहीचं मागचं पान उलटून आकडेमोड करत बसले. एकदा केली, दोनदा केली.

"गेल्या वर्षी नऊशे ऐंशी. या वर्षी नऊशे पंचावन्न," ते म्हणाले. "नाना, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो."

"मी कधी हा काटा तपासला नाही. माझीही चूक आहे." साहेबांनी वही मिटली. "पण नदी बंद करावी लागेल. पुढच्या आठवड्यापासून, दोन वर्षं."

ते गेले. ताई टोपली हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"म्हणजे माझा शिंगाळा सहा आठशे."

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या बाबांना ऐकू येत नाही, नाना. मी त्यांना फोन करून तीनदा ओरडून सांगितलं. सात पाचशे! सात पाचशे! सात पाचशे! सगळ्या गल्लीने ऐकलं. आता काय करू? पुन्हा तीनदा ओरडू, सहा आठशे म्हणून?"

ताईंना रडू येत होतं की हसू, ते मला खरंच सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. त्यांनी टोपली टेबलावर आपटली, फळीपाशी गेल्या आणि आपलं नाव तळव्याने पुसून टाकलं. मग खडू उचलला आणि नानांच्या हातात दिला.

"लिहा. ज्यांचं आहे त्यांचं."

नानांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण काकूंचं नाव पुन्हा फळीवर आलं. ताई वळल्या आणि मागे न बघता चालू लागल्या. पाव तिथेच राहिले.

पुढच्या आठवड्यात काठावर बंदीचा बोर्ड लागला. नानांनी काठ्या बांधल्या, डबे धुतले, खोलीला कुलूप घातलं. कुलूप घालताना दार हाताने ओढून धरावं लागलं. मला त्यांनी शास्त्राच्या बाईंना दिलं. बाईंनी माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला, "हा काटा एक दशांश जास्त दाखवतो," आणि मला शाळेच्या प्रयोगखोलीत टांगलं. आता मुलं मला दप्तरं, डबे, बूट लावतात आणि वहीत गणित करून खरं वजन काढतात. पूर्वी माझं बोलणं लोक तसंच्या तसं मानायचे. आता मी बोललो की मुलं अकराने भागून दहाने गुणतात. पहिले काही दिवस फार लागलं मनाला. मग लक्षात आलं की आता माझ्यावरून जे उत्तर निघतं ते बरोबर असतं. इतकी वर्षं बरोबर आहे म्हणून मान मिळाला तेव्हा मी चूक होतो, आणि चूक म्हणून टांगला गेल्यावर माझ्याकडून बरोबर काम होतंय. याचा अर्थ काय लावायचा, मला खरंच समजत नाही. तुम्हाला समजला तर सांगा.

नानांचं काय झालं, ते मला बाईंच्या बोलण्यातून कळलं. दोन महिने बेकरीवाल्या ताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्या त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "भट्टीवर माणूस कमी आहे. कणकेचे गोळे तोलायला या." नाना म्हणाले, "तोलायला? मला बोलावतेस?" ताई म्हणाल्या, "तुम्हालाच. आता तुम्ही एक ग्रॅमही चुकणार नाही." तेव्हापासून नाना रोज सकाळी बेकरीत बसतात. बाई सांगतात की ते सुरुवात करण्याआधी काटा तीनदा तपासतात, आणि कामगार त्यांना वैतागले आहेत.

मागच्या महिन्यात बाईंनी नानांना शाळेत बोलावलं. नदीविषयी मुलांशी बोला म्हणाल्या. नाना आले. केस आणखी पांढरे झाले होते, सदऱ्यावर पीठ होतं. त्यांनी मुलांना सांगितलं की वाम कुठे लपते, मरळ आपल्या पिल्लांची राखण कशी करते, गवत्या किती लाजरा असतो. आणि मग काहीही न लपवता माझी सगळी गोष्ट सांगितली. मला त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. ते मला दोष देतील की काय, असं वाटत होतं. दिलाही असता तरी मी काय म्हणणार होतो?

एका मुलीने हात वर केला. "आजोबा, काट्याला माहीत होतं का, आपण चुकतोय म्हणून?"

नाना माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या तबकडीवर साचलेली धूळ बोटाने पुसली.

"नाही गं," ते म्हणाले. "त्याला कसं माहीत असणार? त्याला कुणी सांगितलंच नाही. माहीत होतं ते मला."

मित्रांनो, मी आजवर अनेक ओझी उचलली, पण ते वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या आकड्यावरून काहीतरी उतरलं. किती भरलं असतं, ते मला सांगता येणार नाही, आणि मी सांगितलं तरी तुम्ही अकराने भागाल.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातला काटा, घड्याळ, थर्मामीटर, जे काही असेल ते नुसतं पुसून ठेवू नका. अधूनमधून त्याला पाच लिटर पाणी लावून बघा. आणि ते चुकत असेल तर त्याच दिवशी सांगा. एका रेघेचं असतानाच सांगा. नदीतल्या लहानशा वामेलासुद्धा आपलं खरं वजन कुणीतरी लिहावं, असं वाटत असेल.